जादा पीळ

८ जून

अहो,

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. पण रविवारी फोनवर आपण बोलतो तरी काय? तुम्ही विचारता, "बरंय ना?" मी म्हणते, "बरंय." मग तुमच्या खोलीतलं कुणीतरी मोठ्यानं हसतं, इकडे दुकानात कुणीतरी डोकावतं, आणि 'ठेवतो', 'ठेवते' करत आपण ठेवून देतो. ठेवल्यावर मला सांगायचं सगळं एकेक आठवायला लागतं. म्हणून आज ठरवलं, लिहूनच काढायचं.

दुकान तुम्ही सोडून गेलात तसंच आहे. तुमची पक्कड खिळ्यालाच आहे. टेबलाच्या तुमच्या बाजूला मी कापडाचे तुकडे ठेवायला लागले होते, परत उचलले. ती बाजू रिकामीच बरी वाटते. तुम्ही करून ठेवलेले तारेचे सांगाडे माळ्यावर आहेत. त्यातला एकेक उतरवते आणि कापड चढवते.

गिऱ्हाईक येत नाही असं नाही. काल एक बाई आल्या. दिव्याच्या चार-पाच टोप्या काढायला लावल्या, कापडावरून हात फिरवला, फोनवर फोटो काढले आणि "घरी विचारून सांगते" म्हणून गेल्या. घरी कोण विचारतंय? फोनलाच विचारतात, आणि फोन सांगतो की अशीच टोपी घरपोच मिळेल. शेजारच्या चष्मेवाल्यानं शटर ओढलं. म्हणाला, "वहिनी, नंबर माझ्याकडून काढून घेतात आणि चष्मा तिकडून मागवतात. मी काय नुसतं वाचायला शिकवत बसू?"

आणि वन्सं आल्यात. राहायलाच. त्यांचं तिकीट ऑफिस बंद झाल्यापासून घरात त्यांचा जीव रमत नव्हता. इतकी वर्षं खिडकीमागे बसून लोकांना तिकिटं काढून दिली, आणि एक दिवस लोक यायचेच थांबले, घरी बसून काढायला लागले. पण तुमच्या बहिणीचं काही सांगू नका. म्हणतात कशा, "ज्या यंत्रानं माझी खिडकी बंद केली, त्याच्याकडूनच आता काम करून घेते." आल्या त्या कॉम्प्युटर काखोटीला मारूनच आल्या. आपल्या टोप्या इंटरनेटवर ठेवायच्या आहेत त्यांना. तेही तुम्ही नोकरी करता त्याच कंपनीच्या बाजारात.

मी म्हटलं, "हात लावल्याशिवाय कापड कोण घेईल?"

"लावतायत ना रोज हात? घेतं का कुणी?" म्हणाल्या.

तर पांढऱ्या चादरीपुढे टोप्या मांडून फोटो काढणं चाललंय. टोपीची उंची हवी, घेर हवा, वजनसुद्धा हवं. इतक्या वर्षांत मला टोपीचं वजन कुणी विचारलं नव्हतं. दुकानाचं नाव काय घालायचं यावर थोडी वादावादी झाली. गल्लीत मला म्हणतात तेच घालू म्हणाल्या, 'टोपीवाली'. मी म्हटलं, लोकांना टोप्या घालणारी म्हणून उघड पाटी लावायची? वन्सं म्हणाल्या, "निदान प्रामाणिक वाटशील."

तुम्हाला काय वाटतं ते कळवा. जेवण वेळेवर घ्या. घाई नाही, तुमच्या सवडीनं लिहा, आणि यायचंही सवडीनंच ठरवा.

— मी


२७ जून

प्रिय टोपीवालीस,

पत्र वाचलं, घडी करून ठेवलं, परत उघडून वाचलं. खोलीतले चिडवायला लागलेत. आम्ही चौघं आहोत. एक पूर्वी बस चालवायचा, एकाचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता, एकाचं पूर्वी काहीच नव्हतं, आणि मी. त्यातल्या त्यात काहीच नसलेला सगळ्यांत सुखी आहे.

तू कधी विचारलं नाहीस, पण मी इथं काय करतो ते सांगतो. मोठं गोदाम. आपली सबंध गल्ली आत मावेल आणि वर पलीकडचा बाजारही. आत जाताना फोन कुलपात ठेवायचा आणि हातात यंत्र घ्यायचं. कुठंतरी कुणीतरी घरी बसून बटण दाबतं, आणि माझ्या हातातलं यंत्र वाजतं: अमुक रांग, अमुक कप्पा. मी चालत जातो, वस्तू काढतो, यंत्राला दाखवतो, पेटीत टाकतो. लगेच पुढचं. पहिल्या दिवशी कप्पे बघून मला हसू आलं. बाळाच्या बाटलीशेजारी करवत, करवतीशेजारी शब्दकोश, त्यापलीकडे कुत्र्याचा पट्टा. वाटलं, हिला आणायला हवं, कंबर कसून एका दिवसात लावून टाकेल. मग कळलं की हेच लावलेलं आहे. जिथं रिकामी जागा दिसेल तिथं ठेवायचं, आणि कुठं ठेवलं ते यंत्रानं लक्षात ठेवायचं. माणसाला ठाऊक असायची गरजच नाही. इथं मला काहीच ठाऊक नसतं, आणि काही अडतही नाही. याचीही सवय होते.

अक्काचं बरोबर आहे. करा सुरू. स्टुडिओवाल्याला मी तुमच्या चादरीबद्दल सांगितलं. तो म्हणतो, फोटो खिडकीजवळ काढा, एक दिवा बंद असताना आणि एक लावून. आणि एका फोटोत टोपीशेजारी हात दिसू दे, म्हणजे लोकांना आकाराचा अंदाज येतो. हात तुझाच असू दे. अक्काच्या बोटांत अंगठ्या फार.

तारकाम सुटल्यापासून माझे हात मऊ पडलेत. झोपताना बोटं आपोआप वळतात, तार धरल्यासारखी. बसवाला म्हणतो, त्याचा पाय अजून ब्रेक दाबतो.

दुकानातल्या टेबलाची बाजू रिकामी ठेवलीस ते वाचलं. त्यावर काय लिहावं ते सुचेना, म्हणून ओळ सोडतो.

तुझा,
सध्या रांग आणि कप्पा


१४ सप्टेंबर

अहो,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण उसंतच नाही. ऐका, आपलं चाललंय.

पहिली ऑर्डर आली तेव्हा वन्सं आंघोळीला गेल्या होत्या आणि कॉम्प्युटर नुसता टुंग टुंग करत होता. मला वाटलं काहीतरी बिघडलं, मी त्याला टॉवेल झाकून ठेवला. बाहेर येऊन बघतात तर कुणीतरी निळी टोपी मागवलेली. मी टोपी बांधून हातात घेऊन बसले, तुमच्या कंपनीचा कुरिअरवाला येईपर्यंत. मूल शाळेत सोडायचं असल्यासारखी. वन्सं हसत होत्या.

पण पुढं अडलं. टोपी पोकळ. कुरिअरवाले वजन बघत नाहीत, खोकं गाडीत किती जागा अडवतं ते बघतात. म्हणजे आपण पैसे भरून हवा पाठवत होतो. वन्संनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी मोठ्या टोपीच्या पोटात लहान टोपी बसवून माझ्यापुढे ठेवली. "जोडी म्हणून विकू. मोठी बैठकीला, लहान उशाशी." एका कापडाच्या दोन टोप्या, एका खोक्यात. आता लोक जोडीच मागतात. तुमच्या बाजारात 'दिव्याची टोपी' शोधलं की आपली जोडी पहिल्या ओळीत येते. गिऱ्हाईक पसंतीचे तारे देतं ना, तसे तारेही मिळालेत. एकीनं फक्त दोन दिले, म्हणे रंग फोटोसारखा नाही. वन्संनी तिला लिहिलं, "बाई, रंग तोच आहे, तुमचा दिवा पिवळा आहे." मी ते पाठवू दिलं नाही. टोपी परत घेतली.

एकच गोष्ट मला लागते. टोपी कुणाच्या घरात गेली ते कळत नाही. नाव आणि पत्ता चिठ्ठीवर छापून येतो, पण त्या माणसाशी बोलायचं नाही, खोक्यात चार ओळी लिहून घालायच्या नाहीत, असा नियम. पूर्वी माणूस सांगायचा, सासऱ्यांच्या खोलीला हवीय, त्यांना उजेड सोसत नाही. मग मी अस्तर जाड लावायची. आता मी कुणासाठी शिवते? कापड कापताना मनातल्या मनात एकेक खोली रचते आणि तिथं टोपी लावते.

अक्षर वाकडं आलंय, समजून घ्या. पेन खराब आहे.

थंडीत मागणी वाढेल असं वन्सं म्हणतात. कापडाचे तागे मागवलेत. तुमचा करार वर्षअखेरीला नव्यानं करायचा असतो ना? तुम्हाला जमेल तसं करा. मी आपलं सहज विचारलं.

— मी


२० ऑक्टोबर

प्रिय टोपीवालीस,

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. कामाचा ताण.

परवा पट्ट्यावरून तुझं खोकं गेलं. बाहेरून सगळी खोकी सारखीच, पण चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं होतं, उघडणाऱ्याला नख लावावं लागू नये म्हणून. असं तुझ्याशिवाय कोण करतं? पट्टा थांबत नाही. नजरेआड होईपर्यंत मी बघत उभा राहिलो आणि हातातलं यंत्र ओरडत राहिलं.

जोडीचं पान मी सुट्टीच्या दिवशी फोनवर उघडतो. त्यात टोपीशेजारी तुझा हात आहे. फोटो मोठा करता येतो. टोपी नाही बघत मी.

एक सांगायचं होतं. माल फार करून ठेवू नकोस. तागे परत देता आले तर बघ. का ते विचारू नकोस.

कराराचं बघू. तिकडं तुमचं चाललंय छान. सांगाडे वेळेवर मिळतायत ना?

तुझा


६ नोव्हेंबर

अहो,

तुमचं पत्र आलं. छोटं होतं.

'तुमचं चाललंय छान' हे मी बऱ्याचदा वाचलं. 'तुमचं'? हे दुकान तुमचं कधीपासून नाही? आणि माल करू नकोस म्हणजे काय? जून महिन्यात तुम्हीच लिहिलंत, करा सुरू. आता चालायला लागलं तर आवरा म्हणता, आणि का ते विचारायचं नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तुमचं न बोलणं मला पाठ आहे. पण हे न बोलणं वेगळं आहे. याच्यात दार लावल्यासारखं वाटतं.

कराराचं 'बघू' म्हणजे सही करणार, असंच ना? करा. तिथं तुमचं बस्तान बसलं असेल. चौघांची खोली, कामाची सवय. माणूस कुठंही रुळतो. मी आडकाठी करणार नाही.

तागे परत दिले नाहीत. दिवसभर शिवतेय. माळा भरला, आता जिन्याच्या कडेनं टोप्या रचल्यात. वन्सं जिन्यावरून तिरक्या होऊन उतरतात.

तुमचं म्हणणं खरं व्हायला लागलंय, तेही सांगून टाकते. गेल्या आठवड्यापासून कॉम्प्युटर गप्प आहे. आधी वाटलं लाइनचा दोष. वन्संनी सगळं तपासलं, लाइन उत्तम आहे. लोकच येत नाहीत. काय झालं ते कळत नाही.

थंडी पडायला लागली आहे. लोकरीचा मोठा कोट तुम्ही इथंच ठेवून गेलात. पाठवू की नको, ते कळवा.

— मी


२९ नोव्हेंबर

बाबा रे,

तुझी बायको तुला हे लिहिणार नाही, म्हणून तुझी अक्का लिहिते. मी लिहिलंय हे तिला माहीत नाही, आणि कळलं तरी मी काही घाबरत नाही.

आमची जोडी तुझ्या कंपनीच्या बाजारात आता तळाला गेली आहे. पहिल्या ओळीत दुसरीच जोडी येते. मोठीच्या पोटात लहान, तेच कापड, तोच निळा, फोटोसुद्धा खिडकीजवळ, आणि शेजारी एक हात. हात मात्र कुठल्यातरी पोरीचा, नखं रंगवलेली. किंमत निम्मी. खाली बारीक अक्षरात तुझ्या कंपनीचंच नाव. आम्ही काय विकतो, किती विकतो, लोक कुठला रंग मागतात, हे सगळं त्यांना रोज दिसत होतं. आम्ही त्यांच्या खिडकीत बसून आमचं तिकीट त्यांच्याच हातात देत होतो. मला कळायला हवं होतं, पण नाही कळलं.

तुझं 'माल करू नकोस' मी वाचलंय. तिनं दाखवलं नाही, टेबलावर होतं. तुला ठाऊक होतं का? असेल तर तिला सांग. ती समजतेय की तुला परत यायचंच नाही, म्हणून इथलं चालायला लागलेलं तुला नकोसं झालंय.

आणि दुसरं. सांगाडे मिळतायत का म्हणून विचारलंस. कोण देणार? तू केलेले ऑगस्टमध्येच संपले. तेव्हापासून तुझी पक्कड घेऊन तीच तार वाकवते. पहिल्याच आठवड्यात तार सुटून तळहातात घुसली. टाके पडले. पत्रात वाकड्या अक्षराचं खापर तिनं माझ्यादेखत पेनवर फोडलं, तेही त्यातलंच. आता हात बरा आहे, पण मूठ अजून नीट मिटत नाही. मी म्हटलं माणूस ठेवू, तर म्हणाली, "त्या बाजूला दुसरं कुणी बसायचं नाही."

हे वाचून काय करायचं ते तुझं तू ठरव.

— अक्का


८ डिसेंबर

प्रिय,

अक्काचं पत्र आलंय. तिच्यावर रागावू नकोस.

मला ठाऊक होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला माल उतरवायला मला पाठवलं. ट्रकमागून ट्रक. एक खोकं फुटलं होतं, त्यातून निळं कापड दिसलं. मला वाटलं तुझंच. आनंदानं हात घातला. वरची टोपी निघाली, पोटातून लहान निघाली, आणि खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव. मग मी टोपी उलटी करून तार बघितली.

सांगाड्याच्या कडीला आडवी तार जोडताना मी एक पीळ जास्त देतो. त्याची काही गरज नसते. तरुणपणी अंगठा दुखावला होता, तेव्हापासून पहिल्या पिळावर माझा विश्वास बसत नाही, म्हणून उगाच आणखी एक. माझी खोड आहे ती. त्या खोक्यातल्या प्रत्येक टोपीत तो पीळ होता. शेजारच्या खोक्यातही. यंत्रानं घातलेला, सगळीकडे अगदी सारखा. कुणीतरी आपली जोडी विकत घेऊन, उघडून, तार मोजून पाठवली असेल, आणि नको तो पीळही मापात धरला असेल. माझ्या हाताची खोड अशी गोदामभर रचलेली, आणि त्यातलं काहीच मी केलेलं नाही. मुकादम आला आणि म्हणाला, "काय झालं? ओळखीचं आहे का काही?" मी म्हटलं, "नाही."

तुला लगेच लिहायला बसलो होतो. पण इथं कामाला लागताना सही घेतात, आतलं बाहेर बोलायचं नाही. नोकरी गेली तर दोन्हीकडून जाईल असं वाटलं. म्हणून अर्धवट लिहिलं. अर्धवट लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, हे तुझं पत्र आल्यावर कळलं.

अजून एक आहे. पीळ ओळखला तेव्हा दुसराही विचार आला. माझे सांगाडे तर कधीच संपले असणार, मग आता कोण करतं? वाटलं, माझ्या टेबलाला कुणीतरी बसलंय, चांगला कारागीर असेल, हुबेहूब करतो. विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून 'सांगाडे मिळतायत ना' असं आडून विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस, म्हणजे खरंच असेल असं धरून चाललो. तळहाताचं मला माहीत नव्हतं.

आणि खरं विचारशील तर, मी एका शब्दाची वाट बघत होतो. 'सवडीनं', 'जमेल तसं', 'सहज विचारलं', 'आडकाठी करणार नाही'. तुझी सगळी पत्रं मला पाठ आहेत. त्यात एकदाही तू नुसतं 'या' असं म्हणाली नाहीस. मला वाटलं, माझ्यावाचून अडत नाही. इथं नाही अडत, तसं तिथंही.

कराराचा कागद समोर आहे. सही केलेली नाही.

तुझा


१९ डिसेंबर

अहो,

तुम्ही जाताना बसस्टॉपवर मी म्हणाले होते, "काळजी करू नका, मी बघते सगळं." तेव्हा तुमचा चेहरा उतरला होता. मला वाटलं बॅगेच्या वजनानं. आता कळतंय. मी रडले असते, तर तुम्ही गेला नसता. म्हणूनच रडले नव्हते. दुकानावर भागत नव्हतं, तेव्हा जायला हवंच होतं.

तो जादा पीळ मीही घालते. माळ्यावरचा शेवटचा सांगाडा समोर ठेवून शिकले ना, मला वाटलं त्याशिवाय तार धरतच नाही. किती वेळा त्याच पिळाला हात कापला. आणि म्हणे त्याची गरजच नाही. वन्संना सांगितलं, तर इतक्या हसल्या की जिन्यातला टोप्यांचा ढीग कोसळला.

आम्ही त्या बाजारातून उठलो. वन्संनी आपलं स्वतःचं पान केलंय, छोटंसंच, 'टोपीवाली' नावाचं. पहिल्या ओळीत वगैरे ते कुणाला दिसत नाही. पण त्यावर लिहिलंय की तुमच्या दिव्याचा फोटो पाठवा, खोली कशी आहे ते सांगा, त्याप्रमाणे करून देऊ. पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग एका शिक्षिकेनं उघड्या बल्बचा फोटो पाठवला. लिहिलं होतं, आई आता अंथरुणावरच असते, वर बघते तेव्हा उजेड डोळ्यांत जातो. मी जाड अस्तर लावलं. खोक्यात चार ओळी लिहून घातल्या. तिचं उलट पत्र आलं, की आई टोपीवरची वेल बघत बसते. असे थोडेच लोक आहेत, पण प्रत्येकाची खोली मला माहीत आहे. मनानं रचावी लागत नाही. जिन्यातला ढीग हळूहळू उतरतोय. पोट भरेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. वन्सं म्हणतात, निम्म्यानं भरेल.

हे सगळं तुम्ही विचार करून ठरवावं म्हणून लिहीत नाही. सवडीनं नाही, जमेल तसं नाही.

या.

— तुमची


३ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार,

तुमची नात कशी आहे? रात्री झोपू देते का? लेकीला म्हणावं, पहिले तीन महिने सगळ्यांचे असेच जातात.

लेकीच्या बाळंतपणाला तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ते आले. मी दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांना कापड दाखवत होते. ते कापड निवडेनात, दोन्ही हिरव्यांत त्यांचं मन अडकलेलं. मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. मी न बघताच म्हटलं, "थांबा हं, यांचं होऊ दे." "हो," आवाज आला, "मला घाई नाही." मी मान वर केली नाही. करता येईना. ते गृहस्थ आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघायला लागले आणि म्हणाले, "कुठलाही हिरवा द्या. मी उद्या येतो." आलेच नाहीत ते परत. एक गिऱ्हाईक तुमच्या भावानं आल्या आल्या घालवलं.

दुसऱ्या दिवसापासून टेबलाला बसलेत. आधी माझा तळहात उजेडात धरून बघितला. मग पक्कड उचलली. तार पहिल्यांदा जुमानेना, हात मऊ झालेत ना. आता वळतेय. पानावरच्या फोटोंखाली त्यांनी मापं नीट लिहून दिली. कॉम्प्युटर वाजला की अजून दचकून उभे राहतात आणि दोन पावलं चालूनही जातात, कुठल्याशा रांगेकडे. मी हाक मारली की परत येऊन बसतात. मिळत होतं त्यापेक्षा कमी मिळतंय, हे त्यांना माहीत आहे, मलाही.

पण तुम्हाला म्हणून सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. ते समोर बसलेत आणि मला त्यांची आठवण येते. पत्रातल्या त्यांची. पत्रात किती बोलायचे. इथं एका टेबलाला आम्ही दोघं, मधे हातभर अंतर, आणि दिवस दिवस जातो, कात्री द्या, तार संपली, एवढ्यावर. मी मनातल्या मनात त्यांना पत्र लिहिते, आणि ते शेजारी बसलेले असतात. वाटलं, इतकी वाट बघितली ती याचसाठी का?

काल संध्याकाळी दुकान बंद करत होते. त्यांनी पक्कड खाली ठेवली आणि म्हणाले, "आज काय काय झालं ते सांग."

मी म्हटलं, "तुम्ही इथंच होतात की दिवसभर."

"होतो. पण तू लिहायचीस, तेव्हा मला जास्त कळायचं."

"मग काय, लिहून देऊ?"

"नको. सांग."

ते वाट बघत राहिले. शटर अर्धं ओढलेलं, रस्त्यावरचा उजेड त्यांच्या पायांशी आलेला. मग मी स्टूल ओढलं, त्यांच्याजवळ बसले आणि सुरुवात केली. म्हटलं, "अहो, सकाळी दुकान उघडलं ना..."

पुढचं सगळं सांगितलं, वन्सं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी.

बाळाला माझा पापा.

— तुमची भावजय